अण्णाचं गिऱ्हाईक

आमच्या गावच्या न्हाव्याला छातीपर्यंत दाढी होती. बेळगावात कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगते तेव्हा लोक हसतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. दिवसभर दुसऱ्यांचे गाल गुळगुळीत करायचे आणि स्वतःच्या तोंडावर रान माजू द्यायचं, याला हसू नये तर काय करावं? नवं गिऱ्हाईक दुकानाच्या दारात आलं की आधी दाढीकडे बघायचं, मग आत टांगलेल्या आरशाकडे, मग आल्या वाटेनं परत फिरावं का असा विचार करायचं. तोवर आतून हुकूम सुटलेला असायचा, "जवान, बस."

सगळा गाव त्यांना मेजर म्हणायचा. ते मेजर नव्हते. पलटणीत सतरा वर्षं ते न्हावीच होते. शिपाई म्हणून भरती झाले आणि शिपाई म्हणूनच परत आले. पण निपाणीच्या आसपासच्या गावांत फौजेतून जो कोणी येतो तो मेजर होऊनच येतो, आणि त्यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. गिऱ्हाईक मात्र सरसकट जवान. ऐंशीतला म्हातारा असो की वखारीतून तंबाखूनं माखून आलेला हमाल, खुर्चीत बसला की जवान.

त्यांना एकच कट येत होता. कानामागून वर मशीन, माथ्यावर बोटभर केस, मानेवर सरळ रेघ. तरणी पोरं निपाणीच्या थेटरात बघितलेल्या हिरोचे केस हातवारे करून समजावून सांगायची. मेजर सगळं नीट ऐकून घ्यायचे, मधेमधे "बरं", "हां" म्हणायचे, आणि तोच कट मारायचे. आमच्या गावातले लग्नाचे जुने अल्बम काढून बघा, प्रत्येक नवरदेव परेड संपवून थेट बोहल्यावर आलेला दिसतो. कात्री चालू असताना "सावधान" म्हटलं की मान ताठ, आणि "विश्राम" म्हटल्याशिवाय नाकसुद्धा खाजवायचं नाही. शिंक आली तर परवानगी मागावी लागायची, आणि ती मिळेपर्यंत शिंक निघून जायची.

मी दुसरीत असताना माझ्या डोक्यात उवा झाल्या. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मेजरांकडे नेलं आणि "जरा बारीक करा" म्हणाले. मी घरी आले तेव्हा आईनं मला ओळखलं नाही, आणि ओळखलं तेव्हा ती तशीच तरातरा दुकानावर गेली. "पोरगी हाय ती मेजर, तुमचं शिपाई न्हवं," ती म्हणाली. मेजर म्हणाले, "रंगरूट हाय. शिपाई हुयाला येळ लागंल." त्या दिवसापासून मी रंगरूट. दहावी झाले तेव्हा त्यांनी मला लान्स नाईक केलं, बीएला हवालदार, आणि बेळगावात नोकरी लागली त्या दिवशी दुकानातली सगळी गिऱ्हाइकं थांबवून, टाचा जुळवून सलाम ठोकला आणि म्हणाले, "सुभेदार." घरच्यांच्या पेढ्यांपेक्षा मला त्या सलामाचं जास्त कौतुक वाटलं. अजूनही वाटतं, म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

आता आम्ही कोण, ते सांगायला हवं. आम्ही गावाबाहेरच्या वस्तीतले, बौद्ध. मेजर फौजेतून येईपर्यंत गावच्या न्हाव्याचा हात आमच्यातल्या कुणाच्या डोक्याला लागलेला नव्हता. न्हाव्याचं घर गावात एकच, आणि त्या घराचे कर्ते होते मेजरांचे थोरले भाऊ. त्यांना सगळे अण्णा म्हणत. वडलांपासून आलेली चामड्याची धोकटी काखेत मारून अण्णा शेतकऱ्यांच्या सोप्या-सोप्यावर, म्हणजे ओसरीवर जायचे, हजामती करायचे, आणि सुगीला त्यांचं धान्य घरी यायचं. वस्तीकडे ती धोकटी कधी वळली नाही. आमच्याकडे एक चुलतआजोबा होते, ते कापड कापायच्या कात्रीनं सगळ्यांचे केस कापायचे. ज्याला बरा कट हवा तो सायकल मारून निपाणीला जायचा. तिथल्या सलूनवाल्याला तुमचं गाव विचारायला फुरसत नसे.

मेजर परत आले आणि त्यांनी शाळेसमोर पत्र्याचं खोपटं टाकलं, खुर्ची आणली, आरसा टांगला. पहिल्याच आठवड्यात ते आमच्या वस्तीत येऊन समाजमंदिरासमोर उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "दुकान उघडलंय. या." कोणी गेलं नाही. आमची माणसंही खुळी नव्हती. एका हजामतीसाठी मार कोण खाणार? दोन महिने असेच गेले. मग आप्पांना चिकोडीच्या एका शाळेत शिपायाची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि रविवारी आप्पा मेजरांच्या खुर्चीत जाऊन बसले. आप्पा सांगायचे, सायकल पंक्चर होती म्हणून गेलो. आई म्हणायची, पंक्चर-बिंक्चर काही नव्हतं, सायकल धुऊन पुसून दारात उभी होती.

अर्धं डोकं झालं असेल नसेल, गावातले चौघेजण दुकानासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्यात अण्णा होते.

"हात आवर," अण्णा म्हणाले.

"अर्धं डोकं झालंय, आण्णा. पुरं झालं की बोलू."

आणि त्यांनी ते पुरं केलं. आप्पा म्हणायचे, तेवढा लांबलेला कट मी जन्मात पुन्हा बघितला नाही. बाहेर चौघं उभी, खुर्चीत मी सावधानमध्ये, आणि हा बाबा एकेक केस मोजून कापतोय. शेवटी मानेवरची रेघ मारून झाली, "विश्राम" झालं, तेव्हा मेजर दारात गेले.

अण्णा ओरडले नाहीत. उलट भावाच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "वस्तीसाठी कात्री येगळी ठेव. खुर्ची येगळी ठेव. ह्यास्नी मी समजावतो."

"पलटणीत एकच कात्री हुती, आण्णा. सायबाला तीच, जवानाला तीच. मेलेल्याला बी तीच."

"मग ऐक. ह्या हातानं तुझ्या गालाला परत हात लावणार न्हाय."

आप्पांना वाटलं, एवढंच? त्यांना वाटलं होतं, मारामारी होणार, दुकान मोडणार. पण मेजरांचा चेहरा त्यांनी बघितला आणि हे काहीतरी मोठं घडलंय एवढं त्यांना कळलं. काय घडलं ते नंतर कळलं. त्या घराची एक रीत होती. घरात भाऊ असताना न्हाव्यानं स्वतःची दाढी स्वतः करायची नाही. मेजरांचे वडील आणि चुलते सुट्टीच्या दिवशी पायरीवर बसून एकमेकांची दाढी करायचे, त्यांच्या आधीचेही तसेच. या दोघा भावांनी मिसरूड फुटल्यापासून तेच केलं. फौजेत मेजरांना रोज स्वतःच्या हातानं दाढी करावी लागली, कारण तिथं हुकूमच होता. पण सुट्टीवर गावी येताना गाडीत बसल्यापासून ते वस्तऱ्याला हात लावत नसत. तीन दिवसांचा प्रवास, तीन दिवसांची दाढी, आणि घरात पाऊल टाकलं की अण्णा पाणी तापवून तयार. तो मान त्या दिवशी गेला.

गावानं अण्णांना सुनावलं असणार, भावाला आवर नाहीतर आमच्या सोप्यावर येऊ नको. ते आवरू शकले नाहीत. महिन्याभरात बायकोमुलाला आणि वडलांच्या धोकटीला घेऊन ते सासुरवाडीला गेले, कोगनोळीच्या नाक्यापलीकडे, महाराष्ट्रात. तिथं त्यांनी दुकान टाकलं. आमच्या गावापासून ते पंचवीस-तीस किलोमीटर असेल. मेजरांकडे दोनेक वर्षं वस्तीशिवाय कोणी आलं नाही. पेन्शन होती म्हणून चूल पेटत राहिली. मग गावातली कॉलेजला जाणारी पोरं यायला लागली, मग त्यांचे बाप, आणि ज्या चौघांनी दुकान अडवलं होतं त्यांतले दोघं म्हातारपणी माझ्या आप्पांच्या शेजारी बाकड्यावर नंबर लावून बसलेले मी बघितलेत. कुणी कुणाची माफी मागितली नाही. आमच्याकडे असंच असतं, गोष्ट जाते आणि गेली असं कोणी म्हणत नाही.

मेजरांची दाढी मात्र वाढत राहिली. आरसा त्यांनी बसलेल्या माणसाच्या उंचीवर टांगला होता, उभ्यानं काम करताना त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसायचं नाही. त्या खुर्चीत ते कधी बसले नाहीत. नवख्या माणसानं दाढीबद्दल विचारलंच तर म्हणायचे, "मी माझं गिऱ्हाईक न्हवं. मी आण्णाचं गिऱ्हाईक." त्यावर कोणी म्हटलं, मग जावा की एकदा अण्णांकडं, तर उत्तर तयार होतं. "त्येची सुट्टी सोमवारी, माझी मंगळवारी. कसं जमायचं?" आमच्याकडे, कर्नाटकात, सलूनं मंगळवारी बंद असतात आणि नाक्यापलीकडे सोमवारी, हे खरं आहे. पण त्या एका दिवसाच्या आड कुणी तीस-पस्तीस वर्षं लपून बसू शकतं, हे मेजरांमुळे कळलं. एकदा मी शहाणपणा करून म्हटलं, एक दिवस दुकान बंद ठेवलं तर काय होईल? तेव्हा ते गंभीर झाले. "शपथ त्यानं घातलीया. मोडायची त्यानं. आन् हितनं फुडं दुकानात त्येचं नाव काढायचं न्हाय." तेव्हापासून खरंच कोणी काढलं नाही.

लढाईबद्दल ते बोलायचे नाहीत. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलवायचे, तेव्हा ध्वजाला सलाम करून खाली बसायचे, भाषण करायचे नाहीत. एकदाच, एका मंगळवारी, आप्पा आणि मी त्यांच्या घरी गेलो असताना त्यांनी आपण होऊन सांगितलं. बांगलादेशच्या लढाईत एका सकाळी पोरं दाढीसाठी रांगेनं बसली होती.

"साताऱ्याकडचं हुतं एक. उजवा गाल झाल्ता. डाव्याला साबण लावला आन् हुकूम आला. तसंच उठलं, साबणासकट. जाताना म्हणालं, आलोच, साबण वाळू देऊ नका." मेजरांनी हाताची वाटी करून दाखवली. "वाटी धरून बसलो मी. दुसऱ्या दिवशी गावलं. मग डावा गाल केला त्येचा. गार पाण्यानं करावा लागला. तेवढंच वाईट वाटतं, गार पाणी." मग आप्पांकडे बघून म्हणाले, "अर्धं ठेवून कुणाला पाठवू नये, जवान."

त्यांना एकच मुलगी. तिचं लग्न ठरलं तेव्हा मेजरांनी तिथी बुधवारची धरली. ना सोमवार, ना मंगळवार, म्हणजे यायचं तर दुकान बंद ठेवूनच यावं लागणार. गाव समजून गेला. पत्रिका नाक्यापलीकडे पोचवण्यात आली, कोणी नेली ते मला माहीत नाही. लग्नाच्या सकाळी अण्णांचा मुलगा आला, एकटाच, आणि हातात शहापूरच्या मागावरची हिरवी साडी. चुलतबहिणीच्या हातात साडी देऊन, अक्षता टाकून, तो जेवला आणि गेला. मेजरांच्या बायको म्हणाल्या, सासूबाई असलंच हिरवं नेसायच्या. मेजरांनी त्या साडीची घडी हातात घेतली आणि परत मुलीच्या हातात दिली. मंगलाष्टकं चालू असताना मात्र ते मांडवात उभे राहिले नाहीत, नाक्याकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभे होते. लोकांना वाटलं, मुलगी सासरी निघाली म्हणून डोळे पुसतायत. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

आणि आता माझी गोष्ट. माझ्या एका सहकारी बाईंच्या घराची वास्तुशांत होती, नाक्यापलीकडच्या त्याच गावात. मी तेव्हा नुकतीच गाडी शिकले होते, आणि घर सापडेना म्हणून रस्त्यालगतच्या सलूनपाशी थांबवून विचारायला उतरले. आत एक म्हातारा कुणाची तरी मान साफ करत होता. त्यानं तोंड वळवलं आणि मी दारातच थबकले. मेजरच होते ते. तेच नाक, तेच कपाळ, आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी.

खुर्चीतला माणूस उठला, मला बघून "जय भीम, मॅडम" म्हणाला, कारण माझ्या गळ्यात निळ्या दोरीचं ओळखपत्र होतं का गाडीच्या काचेवर निळं स्टिकर होतं, काय ते. अण्णांनी त्याच्या खांद्यावरचे केस झटकले, आणि मला म्हणाले, "कुठल्या गावच्या तुमी?" मी सांगितलं. त्यांच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"तितं एक फौजी न्हावी हाय. अजून हाय न्हवं?"

"हाय की."

"दाढी करतोय का कुणाकडनं?"

"न्हाय. लई वाढलीया. तुमच्याएवढी."

अण्णा हसले आणि लगेच तोंड फिरवून त्यांनी ब्रश झाडायला घेतला. "करावी की कुणाकडनं बी. मी काय धरून ठेवलंय?" असं म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "एकदा यायला काय हुतंय त्येला. पर त्येची सुट्टी मंगळवारी पडती." मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. "मी भेटलो म्हणून सांगू नका. त्येला वाटंल, आण्णा हरला." ज्याच्यासाठी भांडण झालं तो प्रश्नच त्यांच्या खुर्चीतून नुकताच जय भीम म्हणत उठून गेला होता, आणि भांडण अजून तिथंच बसून होतं.

मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. म्हटलं, उद्याच मेजरांना सांगते. आप्पांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "नको. एकदा माझ्यापायी त्यांचं घर मोडलंय. आता तुझ्या तोंडनं आनखी काय व्हायला नको. म्हाताऱ्यानं सांगू नको म्हटलंय न्हवं?" मी गप्प बसले. पुढं दर सुट्टीला मी गावी जायचे, मेजर सलाम ठोकायचे, "काय रिपोर्ट, सुभेदार?" विचारायचे. मी कॉलेजचं सांगायचे, मुलांचं सांगायचे. हे सांगितलं नाही. अकरा वर्षं.

लॉकडाऊन लागला त्या वर्षी अण्णा वारले. रोगानं नव्हे, वयानं. सकाळी त्यांच्या मुलाचा फोन गावात आला. मेजर तेव्हा पंचाहत्तरीत होते. पलटणीतून आणलेला हत्यारांचा पत्र्याचा डबा घेऊन ते मोटारसायकलवर मागे बसले, जमेल तिथवर एकानं सोडलं, पुढं चालत नाक्यावर पोचले. नाका बंद होता. कागद हवा होता, आणि कागद मिळायला दोन दिवस लागणार होते. पोलिसांनी त्यांना हाकललं नाही. सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं. एक तरणा पोलीस सारखा हात जोडून सांगत होता, "अज्जा, बिडाक बरंगिल्ल." मला सोडता येत नाही, असं. त्याचं खरंच होतं, वरून हुकूम होता, आणि हुकूम म्हणजे काय ते मेजरांना कुणी सांगायला नको होतं.

सलूनं तेव्हा महिनाभर बंद होती. नाक्यावरचे पोलीस दिवसरात्र ड्यूटी करून केसाळ झाले होते. मेजरांनी संध्याकाळपर्यंत तिथं बसून त्यांतल्या चौघांचे केस कापले. नंतर आप्पांना म्हणाले, "वर्दीवरचा माणूस तसा बघवंना. कात्री चालवली नुसती. वस्तरा काढला न्हाय, त्यो आण्णासाठी नेल्ता." मयत भावाची दाढी भावानं करायची, हीसुद्धा त्या घराची रीत होती. ऊन उतरल्यावर ते डबा घेऊन परत आले.

नाका उघडल्यावर, काही महिन्यांनी, अण्णांचा मुलगा आला. मंगळवार होता, मी गावी होते, आणि दुकान बंद असलं तरी मेजर, आप्पा आणि मी आत बसलो होतो. मुलगा आता पन्नाशीला आलेला, तोही न्हावीच. त्यानं पिशवीतून आजोबांची धोकटी काढून चुलत्याच्या मांडीवर ठेवली.

"तुमाला द्या म्हणालेते." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "सांजच्यापातूर ठेवलं आमी, काका. दाढीला कुणाला हात लावू दिला न्हाय. आदीच सांगून ठेवल्यालं त्येनी, मी त्येचं गिऱ्हाईक हाय, त्यो येणार. लोक थांबंनात मग. तसंच न्यावं लागलं."

"दाढी?" मेजर म्हणाले. "कसली दाढी?"

"गाव सोडल्यापास्नं ठेवल्याली. तुमच्यावाणीच."

मेजरांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान खाली घातली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सुभेदार, तुला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"अकरा वर्सं झाली."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "रिपोर्ट द्यायचा ऱ्हायला तुझा," एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, मी कुणाची तरी गोष्ट सांभाळून ठेवली आहे. मी दोघांनाही अर्ध्यावर बसवून ठेवलं होतं, एकाला तिकडे, एकाला इकडे.

"कसा दिसत हुता?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासारखे. काय बी फरक न्हवता."

ते उठले आणि खुर्चीत जाऊन बसले. मी जन्मात पहिल्यांदा त्यांना त्या खुर्चीत बघत होते. आरशात तोंड दिसल्यावर ते थोडे पुढे वाकले आणि बघतच राहिले. मग धोकटी उघडली, वडलांचा वस्तरा काढला, पट्ट्यावर घासायला लागले. पुतण्या पुढं झाला, "काका, मी करतो."

"तू बाजूला हो. हे माझं गिऱ्हाईक हाय." आणि माझ्याकडे न बघता, "पाणी आण गं. गरम आण. गार नको."

मी त्यांच्या घरून तापलेलं पाणी आणलं. त्यांनी आधी कात्रीनं दाढी कापली, मग साबण लावला. आरशातल्या माणसाला म्हणाले, "आण्णा, मान वर कर." उजवा गाल केला. "हालू नको. झालंच." मग डावा गाल केला, हनुवटी केली, ओठांवर वस्तरा नेला, जरासुद्धा कुठं राहू दिलं नाही. शेवटी तुरटी फिरवली. "झालं बघ, आण्णा." आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं की त्या दाढीखाली एवढं लहान तोंड आहे.

पडलेले सगळे पांढरे केस त्यांनी स्वच्छ पंच्यात बांधले आणि पुतण्याकडे दिले. "राख कुठं सोडलासा?"

"दूधगंगेत."

"तितंच सोड. म्हणावं, भाऊ आलता."

त्यानंतर मेजर तीन वर्षं होते. दुकान चालवत राहिले, आप्पांचे केस कापत राहिले, मला बघून "आलीस व्हय गं" म्हणायचे, मुलांची चौकशी करायचे. सलाम नाही, सुभेदार नाही. रँक काढून घेतला असं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गेल्या थंडीत ते वारले. फोन आला तशी मी बेळगावहून निघाले. पुतण्या नाक्यापलीकडून माझ्या आधी पोचला होता, आजोबांची धोकटी घेऊन पायरीवर बसला होता. भाऊ उरला नव्हता, तेव्हा भावाचा मुलगा. कुणी सांगायच्या आधी मी आत जाऊन पाणी तापवलं आणि बाहेर नेलं. त्यानं उजवा गाल केला, डावा गाल केला. मानेपाशी आल्यावर वस्तरा धुवायला तो वळला तेव्हा मी खाली बसले आणि त्यांच्या कानापाशी वाकले.

"मेजर, रिपोर्ट," मी म्हटलं. "आण्णा भेटलते मला. त्येंनी पन दाढी ठेवलीया. तुमी एकदा यावं म्हणत्यात."